विमानाचं टर्बाइन ऑइल गाडीत: तेल अव्वल, जागा चुकीची

कुडाळहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. दोन लिटरची टर्बो पेट्रोल सेडान आहे, ईसीयू रीमॅप केलेला (म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली), आणि दर रविवारी आंबोली घाट ठरलेला. ओळखीतून विमानाच्या टर्बाइन ऑइलचे सहा सीलबंद डबे हाती आले आहेत. ज्या तेलावर जेट विमान हजारो तास उडतं, ते गाडीच्या इंजिनाला अमृतच असणार, मग भरू का? आणि पूर्ण भरायचं नसेल, तर नेहमीच्या ऑइलात एखादा डबा ओतला तर?

दोन्हींचं उत्तर नाही. पण प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यामागचा अंदाज अर्धा बरोबर आहे. या डब्यातलं बेस ऑइल खरोखरच उत्तम आहे. गाडीच्या चार लिटरच्या कॅनमध्ये जेवढा एस्टर (उष्णतेत टिकणारं सिंथेटिक तेल) क्वचित सापडतो, तेवढा या एका डब्यात आहे. गडबड आहे ती जाडीत आणि अ‍ॅडिटिव्हमध्ये, म्हणजे तेलात मिसळलेल्या रसायनांमध्ये.

आधी डबा ओळखा. कोकणात टर्बाइन म्हटलं की पोफळीचं वीजकेंद्र डोळ्यांसमोर येतं, आणि गॅरेजमध्ये ‘टर्बाइन ऑइल’ या नावाने जे कधीमधी दिसतं ते बहुधा त्या जातीचं असतं. आयएसओ व्हीजी ३२, ४६ किंवा ६८ असा आकडा, खनिज तेल, बादलीत नाहीतर बॅरलमध्ये. त्याचं खास कसब म्हणजे आत शिरलेलं पाणी झटकन वेगळं करून तळाशी बसू देणं. गाडीच्या ऑइलला नेमकं उलटं काम असतं. पाणी, काजळी, कचरा सगळं पोटात धरून ठेवायचं आणि ऑइल बदलताना सोबत घेऊन बाहेर पडायचं. त्यामुळे व्हीजीवालं ऑइल चर्चेलाही घ्यायला नको.

दुसरी जात पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांची. त्या डब्यावर डब्ल्यू १०० वगैरे लिहिलेलं असतं, आणि तिथला १०० म्हणजे एसएई ५० ची जाडी. त्यात धातूचे डिटर्जंट मुद्दाम घालत नाहीत, कारण त्यांची राख ज्वलनकक्षात साचून लाल झाली की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. जाडीने हे गाडीला जवळचं, पण गाडीचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम-टॅपेटला झिजेपासून वाचवणारं झिंक त्यात नाही. तेही बाजूला ठेवू.

तिसरी जात जेटची, आणि तुमचे डबे बहुधा हेच. डबा एका अमेरिकन क्वार्टचा, म्हणजे ९४६ मिलिलिटरचा, आणि त्यावर मिल-पीआरएफ-२३६९९ असं स्पेसिफिकेशन. मोबिल जेट ऑइल २, एरोशेल टर्बाइन ऑइल ५००, ईस्टमन टर्बो ऑइल २३८० ही सगळी याच घरातली. मिल-पीआरएफ-७८०८ असं लिहिलेलं निघालं तर ते याहूनही पातळ. पुढचं सगळं २३६९९ बद्दल आहे.

आता आकडे. मोबिल जेट ऑइल २ ची जाडी ४० अंश सेल्सिअसला सुमारे २७.६ सेंटिस्टोक (तेलाच्या जाडीचं माप) आणि १०० अंशांना ५.१. गाडीच्या ऑइलची जाडी ठरवणाऱ्या एसएई जे३०० या मानकात १०० अंशांना ९.३ ते १२.५ म्हणजे ३० ग्रेड, १२.५ ते १६.३ म्हणजे ४० ग्रेड. २० ग्रेडची सुरुवातसुद्धा ६.९ पासून होते. म्हणजे ५.१ सेंटिस्टोकचं तेल एसएई ८ किंवा १२ च्या घरात बसतं. हे ग्रेड मानकात आले तेच मुळी २०१५ मध्ये, आणि तेही त्यांच्यासाठी बेतलेल्या इंजिनांकरता. ५डब्ल्यू-४० वर (म्हणजे थंडीत ५डब्ल्यू, गरम असताना ४० ग्रेडच्या ऑइलवर) चालणाऱ्या तुमच्या इंजिनाला हे जेवणात आमटीऐवजी कढण वाढल्यासारखं आहे.

याहून बोलका आकडा एचटीएचएसचा, म्हणजे १५० अंशांना, जोराच्या घर्षणात तेल किती जाड राहतं त्याचा. ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद लागतात, ३० ग्रेडला २.९. टर्बाइन ऑइलची जाडी ४० आणि १०० अंशांच्या आकड्यांवरून १५० अंशांपर्यंत नेली तर सव्वादोन-अडीच सेंटिस्टोकच्या मध्ये कुठेतरी येते. घनतेने गुणलं की जेमतेम २.१ मिलिपास्कल-सेकंद. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची मान्य करायला हवी. ५डब्ल्यू-४० मध्ये जाडी टिकवायला पॉलिमर घातलेलं असतं, ते वापरात तुटत जातं आणि ऑइल हळूहळू पातळ होतं. टर्बाइन ऑइलात पॉलिमर नसतोच, त्यामुळे ते पहिल्या दिवशी जेवढं जाड तेवढंच पुढेही राहतं. पण जे मुळात २.१ आहे ते २.१ च राहिलं, तर त्यात इंजिनाचा काय फायदा?

मग एवढं पातळ तेल जेटला कसं पुरतं? कारण तिथली बेअरिंग वेगळी. जेटचा शाफ्ट बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरतो. गोळी आणि रिंग यांच्या टेकण्याच्या जागी दाब इतका प्रचंड असतो की तेवढ्या क्षणापुरतं तेल जवळजवळ घट्ट होतं आणि मायक्रॉनहून पातळ थरसुद्धा पोलाद पोलादाला लागू देत नाही. तिथे तेल जाड असेल तर ते गोळ्यांभोवती घुसळलं जाऊन उलट गरमी वाढते, म्हणून नोझलमधून पातळ तेलाची बारीक धार मारतात.

तुमच्या क्रँकखाली, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याखाली, गोळ्या नाहीत. तिथे दोन अर्ध्या वाट्या आहेत, पातळ पत्र्याच्या, आतून मऊ धातूचा थर असलेल्या. क्रँकचा जर्नल (वाटीत फिरणारा गोल भाग) आणि वाटी यांच्यात फट किती? ढोबळ हिशेब जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाचा, म्हणजे ५० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०५ मिलिमीटर. वर्तमानपत्राच्या कागदाहूनही कमी. क्रँक फिरताना ऑइलची पाचर स्वतःखाली ओढून घेतो आणि तिच्यावर तरंगतो. पाचरीची उंची जवळजवळ सगळी ऑइलच्या जाडीवर आणि फेऱ्यांवर ठरते. दाणोली सोडून चढाला लागलात, तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार फेऱ्यांवर पूर्ण बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) दिला, की कनेक्टिंग रॉडवर सर्वांत वाईट वेळ येते: भार जास्त, फेऱ्या कमी, ऑइल गरम. ५डब्ल्यू-४० वर जे काही मायक्रॉन उरतात, ते टर्बाइन ऑइलवर बरेच कमी होतात आणि वाटी जर्नलला घासू लागते. रीमॅपने नेमका हाच खालच्या फेऱ्यांचा टॉर्क वाढवलेला असतो, हे विसरू नका.

याची पहिली खूण ऑइल प्रेशर. गरम इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ बार, हा जुना ढोबळ नियम आहे. पातळ ऑइल फटींतून भराभर निसटतं, आयडलिंगला प्रेशर पडतं, हायड्रॉलिक टॅपेट टकटकू लागतात आणि ऑइलच्या दाबावर चालणारे कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारे भाग) ठरलेल्या कोनात पोचायला वेळ लावतात. मग व्हॉल्व्ह टायमिंगचा फॉल्ट कोड येतो आणि मेस्त्री सेन्सर बदलत बसतो.

जाडीचा प्रश्न समजा कोणी सोडवला, तरी दुसरी अडचण त्याहून अवघड आहे. जेटमध्ये ऑइल आणि ज्वलन यांची गाठच पडत नाही. बेअरिंगच्या कोठ्यांना हवेच्या दाबाचे सील असतात, इंधन जळतं ते दुसरीकडे. म्हणून बऱ्याच एअरलाइन इंजिनांचं ऑइल ठरावीक तासांनी बदलत नाहीत, कमी होतं तेवढं वरून भरतात. लोक याचा अर्थ ‘हे ऑइल कधी खराबच होत नाही’ असा घेतात. खराब करणारं तिथे फारसं काही पोचत नाही, हा खरा अर्थ.

पिस्टन इंजिनात रिंगांच्या बाजूने सतत गॅस खाली येतो. त्यात काजळी, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनची आम्लं आणि पाणी. पाणी म्हणजे थोडंथोडकं नव्हे. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण थोडं रिंगांवाटे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतंच. गाडीच्या ऑइलात यासाठी तीन राखणदार असतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे डिटर्जंट आम्ल मारतात. त्यांची ताकद टीबीएन या आकड्याने मोजतात, आणि एसीईए ए३/बी४ या युरोपीय दर्जात तो किमान १० असावा लागतो. डिस्पर्संट काजळीचे कण एकमेकांपासून अलग ठेवतात. झिंक-फॉस्फरसचं झेडडीडीपी कॅम आणि टायमिंग चेनवर रक्षक थर चढवतं आणि ऑक्सिडेशनही रोखतं. टर्बाइन ऑइलात यातलं एकही नाही. त्यात असतात अमाइनचे अँटिऑक्सिडंट, तांब्याला गंज चढू न देणारं रसायन, आणि झीज रोखायला ट्रायक्रेसिल फॉस्फेट, म्हणजे टीसीपी. धातूची राख करणारं काहीही त्यात चालत नाही.

आता यात कोकणचा पावसाळा मिसळा. जूनपासून हवा ओलीचिंब, गाडी घर ते बाजार तीन किलोमीटर, पुन्हा बाजार ते घर. ऑइल ६० अंशांच्या वर जातच नाही, आलेलं पाणी उडून जात नाही. ऑइल भरायचं झाकण उघडलंत की आतल्या बाजूला ताकाच्या फेसासारखा पिवळट-पांढरा थर दिसतो, तो हाच. साध्या ऑइलात हा प्रकार दिसायला वाईट असला तरी एका लांब फेरीत बराचसा सुटतो. एस्टरची गोष्ट वेगळी. एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या जोडणीतून तयार झालेला रेणू. पाणी, उष्णता आणि आधीचं थोडं आम्ल मिळालं की ती जोडणी सुटते आणि पुन्हा आम्ल मोकळं होतं. जेटमधले पॉलिओल एस्टर यात बरेच तग धरणारे आहेत, पण त्यांना आम्ल मारणाऱ्या डिटर्जंटशिवाय ओल्या चेंबरमध्ये सोडणं म्हणजे छत्री काढून घेऊन पावसात उभं करणं. शिवाय एस्टर हवेतली ओल ओढून घेतो. उघडून अर्धा वापरलेला डबा श्रावणभर शेडमध्ये राहिला, तर तो आधीसारखा राहिलेला नसतो.

नौदलाची विमानं खाऱ्या हवेत असतात, त्यांचं ऑइल गंज रोखतंच की, असा एक मुद्दा किनाऱ्यावर हमखास निघतो. २३६९९ मध्ये सी/आय नावाचा गंजरोधक वर्ग आहे हे खरं. तो खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या टर्बाइनच्या बेअरिंगच्या पोलादासाठी. गाडीच्या आतला गंज समुद्रामुळे नव्हे, ज्वलनाच्या आम्लामुळे येतो. तिथे टीबीएनच लागतो.

टीसीपीचा हिशेब जरा जवळून बघण्यासारखा आहे. टर्बाइन ऑइलात ते साधारण एक ते तीन टक्के असतं आणि त्याच्या रेणूत वजनाने सुमारे ८.४ टक्के फॉस्फरस. दोन टक्के धरलं तरी ऑइलात फॉस्फरस झाला दहा लाखात जवळपास १७००. गाड्यांच्या एपीआय एसएन, एसपी (अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचे दर्जे) ऑइलांना ३० आणि त्याखालच्या ग्रेडमध्ये ६०० ते ८०० ची मर्यादा आहे, कारण जळलेल्या ऑइलातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसून त्याला निकामी करतो. इथे फॉस्फरस दुप्पट, वर पातळ ऑइल रिंगांतून आणि टर्बोच्या सीलमधून जास्त जळणार. आणि एवढा फॉस्फरस असूनही कॅमला त्याचा हवा तेवढा उपयोग नाही, कारण टीसीपी झेडडीडीपीपेक्षा सावकाश आणि जास्त तापमानाला कामाला लागतं. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं कॅमवर सर्वांत जास्त झीज होते, तेव्हा ते जवळजवळ झोपलेलंच असतं.

‘जेटमध्ये ऑइल केवढं तापतं’ हा युक्तिवादही आकड्यांपुढे टिकत नाही. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ ला लागणाऱ्या सीएफएम५६ इंजिनांत ऑइलच्या तापमानाची मर्यादा सतत चालवताना १४० अंश, थोड्या वेळापुरती १५५. बेअरिंगच्या कोठ्यांच्या भिंती दोनशेच्या वर जातात हे खरं, आणि तिथे कोळसा न होणं हेच या तेलाचं मोठेपण. पण पिस्टनच्या वरच्या रिंगेजवळचं ऑइलही काही थंड नसतं, त्याला तर आगीची धग थेट लागते. थंडीचं म्हणाल, तर उणे ५४ अंशांनाही वाहतं राहणं हे या तेलाचं वैशिष्ट्य सिंधुदुर्गात कोणाच्या कामाचं? डिसेंबरच्या पहाटेही पारा पंधराच्या आसपास.

टर्बोसाठी तरी हे चांगलं, कारण टर्बोसुद्धा टर्बाइनच, असंही म्हणतात. इथे थोडं तथ्य आहे. इंजिन बंद केल्यावर टर्बोच्या गाभ्यात अडकलेलं ऑइल भाजून कोळसा होण्याचा त्रास एस्टरमुळे नक्की कमी होतो. पण गाड्यांच्या बहुतेक टर्बोंमध्ये तरंगत्या बुशिंगची साधी बेअरिंग असतात, बॉलची नाहीत, आणि त्यांना जाडी लागतेच. टर्बोला वेगळं ऑइल, क्रँकला वेगळं अशी सोय इंजिनात नाही. कोळशाचा त्रास टाळायचा असेल तर आंबोलीच्या धबधब्यापाशी थांबल्यावर लगेच चावी फिरवू नका. शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवा आणि मिनिटभर आयडलिंगला ठेवा. एवढ्याने काम होतं.

सील आणि पॅकिंगबद्दल थोडक्यात. जेटमध्ये फ्लुओरोकार्बन रबर आणि कार्बनचे सील असतात. गाडीत कुठे तसले, कुठे अ‍ॅक्रिलिक रबर, जुन्या गाड्यांत नायट्रिल, आणि चेंबर बसवताना मेस्त्रीने लावलेली सिलिकॉन पेस्ट. एवढा शुद्ध एस्टर लागला की नायट्रिल फुगतं आणि सिलिकॉन मऊ पडतं. पेंटवर थेंब सांडला तर ताबडतोब पुसा, रंग मऊ होतो.

आता मिसळण्याबद्दल. समजा चेंबरमध्ये एकूण पाच लिटर: चार लिटर ५डब्ल्यू-४०, १०० अंशांना १४ सेंटिस्टोकचं, आणि एक डबा टर्बाइन ऑइल. जाडीची सरासरी सरळ निघत नाही, पातळ तेल आपल्या वाट्याहून जास्त ओढतं. मिश्रणाची जाडी सुमारे ११.२ येते. म्हणजे एका डब्याने ४० चं ३० झालं. डिटर्जंट, डिस्पर्संट आणि झिंक हे सगळं एक पंचमांश कमी झालं ते वेगळंच. भरीस भर म्हणजे एस्टर धातूला चिकटणारा आहे. तो कॅमच्या पृष्ठभागावर जागा अडवतो आणि उरलेल्या झेडडीडीपीला तिथे पोचायला आडकाठी होते. एस्टरयुक्त रेसिंग ऑइल बनवणारे ही मारामारी धरूनच अ‍ॅडिटिव्हचं प्रमाण ठरवतात. घरी डबा ओतताना ते प्रमाण कोण ठरवणार?

तरीही ‘भरलं आणि गाडी पळाली’ असं सांगणारे भेटतील, आणि ते खोटं बोलत नसतात. पातळ तेलाने घर्षण कमी होतं, इंजिन हलकं फिरतं, थोडी पॉवर वाढल्यासारखी वाटते. ड्रॅग रेसिंगमध्ये फार पातळ ऑइल वापरतात ते याचसाठी, पण ती इंजिनं त्या ऑइलाच्या हिशेबाने बांधलेली असतात आणि वारंवार उघडून त्यांच्या वाट्या बदलतात. दुसरं, एस्टर उत्तम धुतो. दोन-तीनशे किलोमीटरमध्ये ऑइल काळंकुट्ट झालेलं पाहून वाटतं, काय इंजिन साफ केलं बघा! जुना चिकट थर सुटला हे खरं, पण त्याला धरून ठेवायला डिस्पर्संट नाही. तो खाली उतरून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. चेंबर खोललं की जाळीवर ओल्या कोळशाच्या चुऱ्यासारखा थर दिसतो, बोटाने दाबला की रवाळ लागतो. जाळी अर्धी बुजली की वळणावर, चढावर पंप हवा ओढू लागतो. त्यानंतर वाट्यांना फार वेळ मिळत नाही.

या समजुतीचं मूळ इतिहासात आहे. अमेरिकेत अल अमाट्युझिओ या लढाऊ वैमानिकाला जेटचं सिंथेटिक ऑइल पाहून गाड्यांसाठी तसं काही करावं असं सुचलं, आणि अ‍ॅमसॉइलचं सिंथेटिक मोटर ऑइल १९७२ मध्ये एपीआयच्या कसोटीला उतरलं. त्याने घेतली ती एस्टरची कल्पना; जाडी आणि अ‍ॅडिटिव्ह मोटारीचे घातले. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत चक्क एरंडेल असे, आणि एरंडेलही रासायनिक अर्थाने एस्टरच. कॅस्ट्रॉल हे नाव त्या कॅस्टरवरूनच आलं. म्हणून आजी पोटासाठी ठेवायची ती बाटली कोणी इंजिनात ओतत नाही.

होडीच्या दोन-स्ट्रोक आउटबोर्डला हे राखरहित तेल पेट्रोलमध्ये मिसळावं का, हा प्रश्नही बंदरांवर निघतोच. नको. तिथे टीसी-डब्ल्यू३ वापरा. तेही धातूच्या राखेविना असतं, आणि जळून जाण्यासाठीच बनवलेलं असतं.

मग तुमच्या गाडीत काय भरायचं? मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन आहे ते कॅनच्या मागे अक्षरशः तसंच छापलेलं असावं. उदाहरणार्थ फोक्सवॅगन ५०२ ०० सांगितलं असेल तर त्याच मान्यतेचं ५डब्ल्यू-४०. एस्टरच हवा असेल तर मोतुल ३००व्ही सारखी एस्टरवर आधारलेली ऑइलं मिळतात. त्यांत एस्टर आहे आणि मोटारीचे अ‍ॅडिटिव्हही. फक्त रेसिंगची ऑइलं लवकर बदलायची असतात आणि वॉरंटीतल्या गाडीला त्यांच्यामुळे अडचण येऊ शकते. रीमॅप, घाट आणि पावसाळ्यातल्या छोट्या फेऱ्या धरता पाच ते सात हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, कंपनीने पंधरा हजार म्हटलं असलं तरी.

जाड ग्रेडकडे जाण्याआधी तापमान मोजा. ओबीडीचा (गाडीच्या निदान-सॉकेटला लावायचा) छोटा रीडर ऑइलचं तापमान दाखवत असेल तर दाणोली ते आंबोली चढताना नजर ठेवा. ११० ते १२० पर्यंत काळजी नाही. प्रत्येक चढाईला १३० ओलांडत असेल तर आधी ऑइल कूलर साफ आहे का आणि त्याला हवा लागते का ते पाहा, मग ५डब्ल्यू-५० चा विचार करा. ज्या गाडीला ०डब्ल्यू-२० सांगितलंय तिच्यात ५० भरणं हाही दुसऱ्या टोकाचा तोच घोळ. आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा कुडाळ-सावंतवाडी अशी फेरी मारा, न थांबता. ऑइल ९० च्या वर वीसेक मिनिटं राहिलं की पाणी आणि पेट्रोल बरंचसं उडून जातं.

हे वाचेपर्यंत एखादा डबा आत गेला असेल तर असं करा. इंजिन सुरूच केलं नसेल तर काम सोपं. सुरू न करता ड्रेन प्लग काढा, सगळं उतरू द्या, अर्धा लिटर योग्य ऑइल वरून ओतून खालून जाऊ द्या, प्लग नव्या वॉशरसह लावा आणि भरा. गाडी चालवलेली असेल तर घाट आणि बूस्ट ताबडतोब बंद. पाच मिनिटं आयडलिंगवर कोमट करून ऑइल काढा, वीस मिनिटं निथळू द्या, फिल्टर बदला, योग्य ग्रेडचं स्वस्तातलं पण खरं ऑइल भरा. कूलर, हेड आणि गॅलरीत साधारण अर्धा लिटर जुनं ऑइल राहतंच, म्हणजे साडेपाच लिटरमध्ये नऊ टक्के. म्हणून तीनशे ते पाचशे किलोमीटर सावकाश चालवून पुन्हा तेच करा. दुसऱ्या वेळी ते एका टक्क्याच्या आत येतं, मग तुमचं चांगलं ऑइल भरा. प्लगचा टॉर्क मॅन्युअल पाहूनच. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचा आटा अंदाजाने आवळला की जातो.

काढलेला फिल्टर फेकू नका. कागदी कार्ट्रिज असेल तर घड्या कात्रीने सोडवा, पत्र्याचा असेल तर फिल्टर कटरने कापा. हॅकसॉ लावला तर त्याचाच चुरा आत पडतो आणि निदान चुकतं. कागद दाबून ऑइल निथळवा आणि उन्हात तिरपा धरा. काळा चिकट गाळ दिसला तर चेंबर उतरवून जाळी बघायलाच हवी. तांबूस किंवा चंदेरी चमक दिसली आणि लोहचुंबकाला काही लागलं नाही, तर ती वाट्यांची आहे. मग ऑइल प्रेशर सेन्सरच्या जागी साधा घड्याळी गेज लावून गरम इंजिनाचं प्रेशर मोजा. ते मॅन्युअलच्या किमान आकड्याखाली असेल तर गाडी तिथेच थांबवा. वाट्या बदलण्याचा खर्च क्रँक बदलण्यापेक्षा बराच कमी असतो. हजार किलोमीटरनंतर कॅम कव्हर, टर्बोचा रिटर्न पाइप आणि चेंबरचा जोड या तीन जागा कोरड्या फडक्याने पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. एस्टरने मऊ झालेलं पॅकिंग लगेच गळत नाही, थोड्या दिवसांनी घाम सुटल्यासारखं ओलावतं.

उरलेल्या डब्यांचं काय? विमानात ते आता जाणार नाहीत. कागदपत्रांशिवाय आलेला डबा कोणी इंजिनिअर स्वीकारत नाही, आणि त्याने स्वीकारूही नये. बागेचं फाटक, शटरची साखळी, विहिरीच्या रहाटाचा कणा असल्या कामाला हातमोजे घालून वापरता येईल, पण रबर आणि रंगापासून लांब. अन्नाच्या आसपास मात्र कुठेही नको: ना नारळ किसायच्या यंत्राला, ना घाण्याला. टीसीपीचे काही प्रकार मज्जातंतूंना विषारी असतात. आजच्या ऑइलात ते अगदी नगण्य ठेवतात, तरी डब्यावर पोटात न जाऊ देण्याचा इशारा असतो, आणि तो उगाच नाही. १९८८ मध्ये कोलकात्याच्या बेहाला भागात टीसीपीची भेसळ झालेलं खाद्यतेल खाऊन शेकडो माणसांचे हातपाय लुळे पडले होते. रिकामा डबा कितीही मजबूत आणि देखणा वाटला तरी त्यात खोबरेल किंवा रॉकेल भरून ठेवू नका. भोक पाडून चेपटा करून भंगारात द्या, आणि चेंबरमधून काढलेलं ऑइल बंद कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे. व्हाळात तर नकोच, फणसाच्या बुंध्याशी वाळवी मारायलाही नको.